फोनला ‘इंटरनेट नाही’, लॅपटॉपला आहे. पंपही रुसलाय (मुक्काम फोंडा)

पोफळीखाली | ४ मे, रात्री ११:२०

मंडळी, आधी कबुली देतो. बिघाड बहुतेक मीच केलाय, पण नक्की कुठे केला ते सापडत नाही.

घर म्हार्दोळजवळ, पणजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं. भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबर जोडायला आलेल्या मुलाने ओएनटीची पेटी (फायबर जिथे संपते आणि वायफाय सुरू होतं ती) माजघरात देवघराशेजारी ठोकली, कारण प्लग तिथे होता. तिथून ओटीवर वायफायचा एक दांडा यायचा, तोही मांजर मध्ये बसलं नसेल तर. म्हणून मार्चमध्ये एक साधा राउटर आणला, ओएनटीपासून केबल ओढून ओटीवर बसवला. इथवर सगळं बरं होतं.

गेल्या सोमवारी गूगलचा मेल आला: तुमच्या खात्यात नवीन साइन-इन, ठिकाण मुंबई. मी तेव्हा कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत होतो. मुंबईला शेवटचा गेलो त्याला सहा वर्षं झाली. पोटात गोळाच आला. मग दोन रात्री जागून व्हिडिओ पाहिले आणि ‘हे आत्ताच्या आत्ता चालू करा’ असं जे जे कोणी म्हणालं ते केलं. फोनमध्ये खाजगी डीएनएसला एक पत्ता भरला. ओएनटीच्या पानावर फायरवॉल ‘लो’ होती ती ‘हाय’ केली (हाय म्हणजे चांगलंच ना?). एक फुकटचा व्हीपीएन (सगळं नेट बंद नळीतून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) टाकला, काढला, परत टाकला, परत काढला. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत जे ओळखीचं वाटलं नाही ते ब्लॉक केलं. शेवटी दोन्ही वायफायची नावं आणि पासवर्ड बदलले. आता आतलं ‘माजघर’ आणि बाहेरचं ‘ओटी’.

आजची परिस्थिती: माझ्या फोनला दोन्ही वायफायवर इंटरनेट नाही, मोबाइल डेटावर झकास. लॅपटॉपला दोन्हीकडे व्यवस्थित. बहीण पुण्याहून आलीय, घरून काम करते, तिचा ऑफिसचा व्हीपीएन आमच्या नेटवर जोडलाच जात नाही. तिच्या हॉटस्पॉटवर जोडला जातो. प्रिंटर ओटीवर आहे, तो माजघरातून दिसत नाही. आणि यादीत ‘एस्प्रेसिफ’ नावाचं काहीतरी होतं. शोधलं तर शांघायची कंपनी निघाली. माझ्या माजघरात शांघाय काय करतंय? ब्लॉक केलंय, पण झोप येत नाही.

इंटरनेट कंपनीला फोन केला तर ‘ओएनटी बंद करून चालू करा’. सात वेळा केली.

फेरीबोट | ५ मे, सकाळी ७:०५

मांजराचं खरं आहे हो. अंगात पाणी असलेला कुठलाही प्राणी मध्ये बसला की सिग्नल खातो, त्यात ५ गिगाहर्ट्‌झचा जास्त. आणि चिरा हा पाणी पिणारा दगड. जूनमध्ये भिंती भिजल्या की आमच्या दिवाडीच्या घरात ५ चा सिग्नल एक खोली ओलांडत नाही. तेव्हा जे काय कराल ते २.४ वरही चालेल असं करा, नाहीतर पावसात परत हाच धागा वर येईल.

बाकी प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही. चहा घेऊन बसतोय.

खाजें | ५ मे, सकाळी ८:४०

एमटीयूचा (एका वेळी जाणाऱ्या गाठोड्याच्या कमाल मापाचा) घोळ. शंभर टक्के. काही चालतं, काही चालत नाही, ऑफिसचा व्हीपीएन अडतो, ही एमटीयूचीच लक्षणं. ओएनटीत १४९२ घाला, विषय संपला.

तारतंतू | ५ मे, सकाळी ९:१५

खाजेंभाई, दरवेळी एमटीयू नसतो. पण तपासायला दोन मिनिटं लागतात, तेव्हा तपासूच. पोफळीखाली, विंडोज लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि पिंगला मायनस एफ, मायनस एल, मग १४६४ असं लावून ८.८.८.८ ला मारा. नंतर १४६५ ने. पहिल्याला उत्तर आलं आणि दुसऱ्याला नाही, तर तुमचा एमटीयू १४९२ च आहे. १५०० मधून पीपीपीओईचे (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचे) ८ गेले की उरतात ते. हे आकडे जुळले तर एमटीयू सोडून द्या.

मी बारदेशात हेच काम करतो, रोज चार घरं. तुमच्या वर्णनात मला दुसरंच काहीतरी दिसतंय, पण आधी एक सांगा. फोन वायफायला जोडला की नेमकं वाक्य काय येतं? ‘इंटरनेट नाही’ हा तुमचा अर्थ झाला. फोन काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहा.

डिचोलीकरीण | ५ मे, दुपारी १:३०

तोवर मुंबईची भीती काढून टाकते.

ओएनटीच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे कंपनीकडच्या बाजूचा आयपी पत्ता बघा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ यांच्यामधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे तुम्हाला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ताच नाही. कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक घरं बसवते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मुळात चारशे कोटींच्या आसपास, ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून २०१२ मध्ये हा १०० चा पट्टा खास या कामाला राखून ठेवला. आता तुमचं गाठोडं बाहेर पडतं ते कंपनीच्या मोठ्या दारातून, आणि ते दार मुंबईत असेल तर गूगलला तुम्ही मुंबईकर. माझ्या घरी कधी मुंबई येतं, कधी बेंगळुरू. मुलगा म्हणतो, आई सकाळी बेंगळुरूला जाऊन दुपारच्या भाताला डिचोलीत परत.

तेव्हा अशा इशाऱ्यात गाव बघायचं नाही. गूगल खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर ‘तुमची डिव्हाइस’ उघडा. यंत्र कोणतं, ब्राउझर कोणता, वेळ काय, ते बघा. ते तुमचं नसेल तरच घाबरा, आणि मग आधी पासवर्ड बदला, राउटर नंतर.

पोफळीखाली | ५ मे, संध्याकाळी ७:५०

खाजें, १४६४ ला उत्तर आलं, १४६५ ला नाही. म्हणजे तुमचं निदान बाद. माफ करा.

डिचोलीकरीण ताई, पत्ता १००.७९ ने सुरू होतो. आणि यादीत यंत्र निघालं ते माझाच लॅपटॉप. मुलीने त्यावर नवा ब्राउझर टाकून परीक्षेच्या कसल्याशा फॉर्मसाठी माझं खातं उघडलं होतं. विचारलं तर म्हणे, ‘बाबा, मी सांगितलं होतं, तुम्ही हं म्हणालात.’ मी रोज बऱ्याच गोष्टींना हं म्हणतो.

तारतंतू, फोन मराठीत आहे. वाक्य: ‘खाजगी डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करू शकत नाही’.

तारतंतू | ५ मे, संध्याकाळी ८:२०

सापडलं. हे वाक्य पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर दिवस वाचला असता. असो.

जरा सविस्तर लिहितो, कारण ही तक्रार गेल्या दोन वर्षांत वाढलीय. फोन कुठलीही साइट उघडताना आधी डीएनएसला विचारतो, ‘अमक्या नावाचा पत्ता काय?’ हा प्रश्न पूर्वीपासून उघड्या कार्डासारखा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तो बंद पाकिटात घालायची सोय आली, तीच खाजगी डीएनएस. तिथे तीन पर्याय असतात: बंद, ऑटोमॅटिक आणि स्वतः दिलेला सर्व्हर. ऑटोमॅटिकमध्ये पाकीट जमलं तर पाकीट, नाही जमलं तर कार्ड. पण तुम्ही सर्व्हरचं नाव स्वतः भरलंत की फोन हट्टाला पेटतो: पाकीटच, नाहीतर काही नाही. तेव्हा नाव चुकलं किंवा वाट अडली की सगळं नेट ठप्प.

आता वाट कोणी अडवली? पोर्ट म्हणजे नंबर दिलेली दारं, आणि फोनची ही पाकिटं पोर्ट ८५३ वरून जातात. तुमच्या ओएनटीतलं फायरवॉल ‘हाय’ म्हणजे बहुतेक मॉडेलांत ‘वेब आणि मेलचे ठरावीक पोर्ट सोडून बाहेर जाणारं सगळं बंद’. ८५३ त्यात मेला. बहिणीचा व्हीपीएनही त्यातच मेला, तो ५०० आणि ४५०० वापरत असावा. लॅपटॉप का चालतो? एक तर तो साधंच डीएनएस वापरतो, किंवा ब्राउझर तीच पाकिटं ४४३ वरून पाठवतो. ४४३ हा सगळ्या सुरक्षित वेबसाइटांचा पोर्ट, तो अडवला तर कंपनीच्या दारात लोक काठ्या घेऊन येतील.

मोबाइल डेटावर मध्ये तुमचा ओएनटी नाही. म्हणून तिथे झकास.

तेव्हा फायरवॉल होती तिथे आणा. आत्ता फक्त एवढंच करा, दुसऱ्या कशालाही हात लावू नका. मग फोन बघा, बहिणीला विचारा, आणि इथे लिहा.

फेरीबोट | ५ मे, रात्री ८:३५

‘लो’ करायचं म्हणजे घर उघडं टाकायचं का? मलाही तोच प्रश्न पडला असता.

तारतंतू | ५ मे, रात्री ८:५०

नाही. बाहेरून न बोलावता आत येणारं बहुतेक सगळं नॅट (अनेक यंत्रांना एका पत्त्यामागे बसवणारी सोय) तसंही अडवतं, आणि हे महाशय तर दोन-दोन नॅटच्या मागे आहेत. ‘हाय’ने मुख्यतः आतून बाहेर जाणाऱ्यांची अडवणूक केली. नाव ठेवणाऱ्याने गोंधळ घातलाय.

पोफळीखाली | ५ मे, रात्री १०:१०

चाललं!! माजघरात उभा होतो, सेव्ह दाबलं, ओएनटीचे दिवे विझून परत लागले, आणि हातातल्या फोनवर तीन दिवसांचे व्हॉट्सॲप एकदम कोसळले. बहीण आतून ओरडली, ‘जोडला!’ तारतंतू, देव बरें करूं.

खाजगी डीएनएस ठेवू ना तसंच?

तारतंतू | ५ मे, रात्री १०:१५

ठेवा. फक्त पत्ता कोणाचा भरलाय ते बघा. व्हिडिओवाल्याने सांगितलेला कुठलाही सर्व्हर नको. तुम्ही कुठकुठल्या साइटवर जाता त्याची पूर्ण वही त्याच्या हातात जाते. गूगलचा डीएनएस २००९ पासून आहे, क्वाड-नाइन २०१७ पासून, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ २०१८ च्या १ एप्रिलला आला (थट्टा नव्हती). वही कोणाकडे तरी जाणारच, ती कोणाकडे जावी एवढं तुमच्या हातात आहे.

म्हापशाचा शुक्रवार | ६ मे, सकाळी ११:००

मधेच घुसतोय. मग व्हीपीएन घ्यावा की नाही? माझा पुतण्या म्हणतो व्हीपीएनशिवाय बँकेचं ॲप उघडणं म्हणजे बाजारात गल्ला उघडा ठेवणं.

डिचोलीकरीण | ६ मे, दुपारी २:१०

पुतण्याला सांगा, बँकेचा व्यवहार आधीच एचटीटीपीएसच्या कुलपात असतो. इंटरनेट कंपनीला दिसतं ते एवढंच, की तुम्ही अमक्या बँकेच्या दारात गेलात. आत काय बोललात ते नाही. व्हीपीएन लावला की हे दारही कंपनीला दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला दिसतं. म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला, झालं. तो दुसरा फुकट काम करत असेल तर त्याचं पोट कशावर चालतं हा प्रश्न विचारायचा. आणि बरीच बँकांची ॲप व्हीपीएन चालू दिसला की उघडतच नाहीत.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. सर्ट-इनने (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यात व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी वगैरे ५ वर्षं जपून ठेवावं असं आहे. त्यावरून काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच उचलले. ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला ते लागू नाही, पोफळीखालींच्या बहिणीने काळजी करू नये.

हॉटेलच्या, विमानतळाच्या वायफायवर व्हीपीएन असलेला बरा, हे मी मानते. घरात बसून मी तरी लावत नाही.

खाजें | ६ मे, दुपारी ३:००

एमटीयू हुकलं, पण एक कामाचं सांगतो. आमच्या शेजारच्या आजोबांना गेल्या महिन्यात फोन आला, ‘तुमचा राउटर हॅक झालाय, आम्ही कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका म्हणजे आम्ही इथून दुरुस्त करतो.’ ॲप स्क्रीन दाखवणारं. आजोबांनी टाकलंही. सून नेमकी दळण घेऊन घरात शिरली आणि तिने फोनच बंद केला. कंपनी घरबसल्या तुमचा ओएनटी हाताळू शकते हे खरं, पण त्यासाठी तिला तुमच्या फोनात शिरावं लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन. रात्र सरू देऊ नका.

पोफळीखाली | ६ मे, संध्याकाळी ६:३०

नवीन संकट. बाबा गेले तीन दिवस म्हणताहेत कुळागरातला पंप फोनवरून सुरू होत नाही. मी वाटेला लावलं, विजेचा लपंडाव असेल म्हणून. आज स्वतः विहिरीवर गेलो. पंपाच्या खोक्यात तो वायफायचा स्विच बसवलाय ना, त्याचा निळा दिवा एकसारखा लुकलुकतोय, सेकंदाला दोन-तीनदा. हाताने दांडी ओढली की पंप चालतो. म्हणजे वीज आहे.

आणि आत्ता हे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात उजेड पडतोय.

डिचोलीकरीण | ६ मे, संध्याकाळी ६:४०

शांघाय सापडलं म्हणायचं :)

एस्प्रेसिफच्या चिपा या अशा स्वस्त स्विचांत, प्लगांत, दिव्यांत सगळीकडे असतात. राउटर मॅक पत्त्याच्या (यंत्राला कारखान्यात मिळालेल्या नंबराच्या) सुरुवातीच्या आकड्यांवरून चिप बनवणाऱ्याचं नाव दाखवतो, वस्तूचं नाही.

पोफळीखाली | ६ मे, रात्री ९:२५

ब्लॉक काढला. पंप तरीही आंधळाच. अर्थात, त्याच्या पोटात जुनं नाव आणि जुना पासवर्ड आहे. पुन्हा जोडायला जावं तर ॲप म्हणतं फोन २.४ वर आणा, आणि विहिरीपाशी माझा फोन मोबाइल डेटावर उडी मारतो. बाबा टॉर्च धरून उभे, डास खाताहेत, आणि मी चौथ्यांदा तेच बटण पाच सेकंद दाबून धरतोय. बाबा एवढंच म्हणाले, ‘पूर्वी दांडी होती.’

तारतंतू | ६ मे, रात्री ९:४०

विहिरीवरून घरी या. त्या स्विचला हात लावायची गरज नाही.

ओएनटीत गेस्ट नेटवर्कचं पान असेल. ते सुरू करा, फक्त २.४ वर. नाव द्या तुमचं जुनं वायफायचं नाव, पासवर्ड जुना, अक्षर न् अक्षर तसाच, सुरक्षेचा प्रकारही पूर्वीचाच. खाली ‘एपी आयसोलेशन’ (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय) असेल तर खूण करा. सेव्ह.

स्विचला वाटेल जुनं घर परत आलं. तो आपोआप जोडला जाईल. आणि तो पाहुण्यांच्या खोलीत राहील, तुमच्या लॅपटॉपशी त्याची ओळख होणार नाही. असल्या स्वस्त यंत्रांना तिथेच ठेवावं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर गुलाम केले होते, त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास पाडल्या.

पोफळीखाली | ६ मे, रात्री १०:०५

माजघरात सेव्ह दाबलं. मिनिट गेलं, दीड गेलं. मग ॲपमध्ये ‘पंप’ करडा होता तो हिरवा झाला. बाबांनी स्वतः दाबलं. विहिरीकडून खाडकन आवाज, मग मोटरची घरघर, आणि पाटात पाणी पडल्याचा आवाज ओटीपर्यंत. रात्री दहाला पोफळींना पाणी नको होतं खरं, पण बाबांनी पाच मिनिटं चालू ठेवला.

यादीत अजून चार अनोळखी आहेत, तेवढं सांगून टाका कोणीतरी.

डिचोलीकरीण | ६ मे, रात्री १०:३०

ती तुमचीच माणसं असणार. आजकालचे फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतात, आयफोन २०२० पासून, अँड्रॉइड त्याच्या वर्षभर आधीपासून. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. वायफायचं नाव बदललंत की फोन नवा पत्ता घेतो, आणि जुन्याची नोंद यादीत भुतासारखी राहते. तुम्ही नाव बदलण्याआधी काही फोन ब्लॉक केले होते का?

पोफळीखाली | ६ मे, रात्री १०:४५

दोन केले होते. पत्ते ताडून पाहिले, दोन्हीत दुसरं अक्षर ए. आणि आत्ता आठवलं, त्या दिवशी दुपारी बायको म्हणत होती नेट गेलंय, आणि संध्याकाळी आपोआप आलं. म्हणजे मी तिला ब्लॉक केलं, नाव बदललं, आणि ती नव्या पत्त्याने आत आली. हे तिला सांगणार नाही.

तारतंतू | ६ मे, रात्री १०:५५

यावरून कळलं ना, ब्लॉक यादीवर किती विसंबायचं ते. सगळी यादी पुसून टाका. पासवर्ड बदललात ते उत्तम केलंत, तोच खरा उपाय. ओएनटी आणि राउटर दोन्हींत डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन दिसायला आठ आकडी, पण तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा आकडा नुसती बेरीज, म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत फुटतो. हे २०११ पासून जगाला माहीत आहे.

राहिला प्रिंटर. ओटीच्या राउटरमध्ये ओएनटीची केबल कुठल्या भोकात आहे? वेगळ्या रंगाच्या, वॅन लिहिलेल्या?

पोफळीखाली | ७ मे, सकाळी ७:१५

हो, निळ्या. ओटीवर पत्ते १९२.१६८.०, माजघरात १९२.१६८.१.

तारतंतू | ७ मे, सकाळी ९:००

म्हणजे दोन वेगळी घरं झाली, मधे एकतर्फी दार. ओटीवरचा माणूस माजघरात बघू शकतो, माजघरातला ओटीवर नाही. म्हणून प्रिंटर दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड करा, म्हणजे सगळं एकच घर.

फेरीबोट | ७ मे, सकाळी ९:३०

थांबा, थांबा. मी तर पाहुण्यांसाठी असाच दुसरा राउटर लावलाय, आत. माझी समजूत अशी की पाहुणे त्या राउटरमागे अडकून राहतात. तुम्ही म्हणताय उलटं?

तारतंतू | ७ मे, सकाळी ९:५०

उलटंच. मागच्या राउटरवर बसलेल्याला पुढच्या जाळ्यातलं सगळं दिसू शकतं: तुमचा कॅमेरा, टीव्ही, ओएनटीचं पान. दोन राउटर ठेवायचेच तर पाहुणे पुढच्यावर, घरचे मागच्यावर. होमस्टेवाल्यांपैकी कितीतरी जणांनी हे उलटं लावलेलं मी पाहिलंय, आणि ओएनटीचा पासवर्ड तर पेटीच्या पाठीवर छापलेला तसाच.

पोफळीखाली, आणखी एक. राउटर ॲक्सेस पॉइंट झाला की त्याच्यावरचं गेस्ट नेटवर्क पुष्कळ स्वस्त मॉडेलांत नावापुरतं उरतं, आतलं सगळं दिसतं. तेव्हा गेस्ट फक्त ओएनटीवर. ओटीवर पाहुण्यांना नेट नाही.

पोफळीखाली | ७ मे, रात्री ९:००

प्रिंटर दिसला. बहिणीने तिकीट छापलं.

शेवटची शंका, मग छळत नाही. ओएनटीत डीएनएस बदलून १.१.१.१ घातलं, तरी तपासणीच्या साइटवर लॅपटॉपला कंपनीचाच सर्व्हर दिसतो.

डिचोलीकरीण | ७ मे, रात्री ९:४०

तुम्ही बदललात ते आयपीव्ही४ चं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचं. कंपनी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) पण देते, त्याचं डीएनएस वेगळ्या पानावर असतं, आणि लॅपटॉप खुशाल तिथून विचारतो. ते पानही बदला. ओएनटी बदलू देत नसेल (बऱ्याच कंपन्या ते कुलूपबंद ठेवतात) तर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच सुरक्षित डीएनएस सुरू करा. आयपीव्ही६ सरसकट बंद करा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. सीजीनॅटमधून सुटायचा तो एकच धड रस्ता आहे.

आणि रात्री प्लग काढून झोपा, आज फोंड्याकडे विजा दिसताहेत. फायबर काचेची असली तरी ओटीपर्यंत ओढलेली तुमची केबल तांब्याची आहे.

पोफळीखाली | चवथीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी ४:००

धागा वर काढतोय. कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.

चवथीला दरवर्षी घरात पंचवीस-तीस माणसं. दरवर्षी पहिल्या दिवशी निम्मा वेळ माझा पासवर्ड सांगण्यात जातो: यात ‘फणस’चा एफ मोठा की छोटा, शून्य की ओ. यंदा कोणी विचारलंच नाही. संध्याकाळी आरतीच्या आधी माटोळीखाली (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीखाली) बसलेली पोरं बघतो तर सगळ्यांचं नेट चालू. मग कळलं: जुनं नाव, जुना पासवर्ड आता पाहुण्यांच्या नेटला. गेल्या वर्षीचे फोन आले आणि पंपासारखेच आपोआप आत गेले. ओएनटीच्या यादीत गेस्टवर तेवीस यंत्रं, त्यात एक शांघाय.

भाच्याने आरत्यांचा कागद छापायला घेतला, त्याला प्रिंटर काही दिसेना. म्हणाला, ‘मामा, तुझा प्रिंटर गेला.’ मी त्याचा फोन घेतला नाही, लॅपटॉपवरून छापून दिला.

ओटीवर पत्ते कुटणाऱ्यांना नेट मिळालं नाही. तीन दिवसांत एकानेही तक्रार केली नाही.